वय झालं म्हणे!

"गाडी म्हातारी झाली सर, आता काढून टाका," असं मला २०२५च्या पावसाळ्यात निदान पाच जणांनी सांगितलं. एक गॅरेजवाला, कट्ट्यावरचे दोन मित्र, जावई आणि पाचवी आमची मुलगी. तिने तर "बाबा, आणि तुम्हीसुद्धा..." एवढं बोलून वाक्य सोडून दिलं. चौतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला अध्याहृत शब्द कळतात हो!

गाडी आहे २००८ सालची वॅगन-आर, पेट्रोलवरची. निवृत्तीच्या आदल्या वर्षी घेतली. चाललीय ९१ हजार किलोमीटर, म्हणजे फार नाही. २०२३ मध्ये तिला पंधरा वर्षं झाली तेव्हा ५,००० रुपये फी आणि वर पर्यावरण कर भरून पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी करून घेतली. (हीच फी मार्च २०२२ पर्यंत ६०० रुपये होती. असो.)

आम्ही वाईला राहतो. हिची धाकटी बहीण पाचगणीला असते, त्यामुळे पसरणीचा घाट महिन्यातून दोन-तीनदा तरी चढावाच लागतो. पूर्वी जिथे गाडी तिसऱ्या गिअरवर आरामात जायची, तिथे दुसरा टाकूनही ती कण्हायला लागली. पाय खाली दाबत जावा आणि गाडीने "बघू, विचार करते" म्हणावं, असा प्रकार. जूनमध्ये एका वळणाच्या अलीकडे मी पुढच्या ट्रकला ओलांडायला बाहेर काढली. रस्ता रिकामा होता, अंदाज जुन्या सवयीचा. ट्रकच्या मध्यावर आलो आणि गाडी पुढे सरकेचना. समोरून टेम्पो आला. ट्रकवाल्याने ब्रेक मारून मला आत घेतलं म्हणून हे लिहायला बसलोय. ही शेजारी बसली होती, एक शब्द बोलली नाही. पाचगणीला उतरल्यावर फक्त पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी गॅरेज. तिथे कॉम्प्युटर लावला, कोड काही आला नाही. मग प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंप बदलला. बिल झालं ११,४०० रुपये. इंजिनाचं मिसिंग गेलं हे खरं, पण पिकअप तसाच. पुन्हा गेलो तर उत्तर तयार होतं, "वय झालं सर. इंजिन उतरवावं लागेल, नाहीतर द्या भंगारात."

कट्ट्यावर वेगळंच निदान. "ई-२० पेट्रोल! दुसरं काय?" हल्ली हे एक बरं झालंय, गाडीला शिंक आली तरी इथेनॉल. आता इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी असते, हे खरं आहे. म्हणजे शंभरातले वीस भाग इथेनॉल असेल, तर निव्वळ पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्क्यांचा फरक पडेल. मायलेजमध्ये तो जाणवेल. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, वॉशर यांची काळजीही रास्त आहे, त्यांवर लक्ष ठेवायलाच हवं. पण सहा-सात टक्क्यांनी गाडी घाटात अशी हात टेकत नाही. शिवाय शेजाऱ्यांची त्याच सालची गाडी त्याच पंपावरचं पेट्रोल पिऊन तोच घाट चढत होती. हे त्रैराशिक कट्ट्यावर मांडलं तर मला सरकारचा माणूस ठरवण्यात आलं.

शेवटी एका ओळखीच्यांनी साताऱ्याच्या एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. साठीचे गृहस्थ, पत्र्याची शेड, कॉम्प्युटर नाही. (ते माझे माजी विद्यार्थी निघाले नाहीत. निघाले असते तर गोष्ट फार गोड झाली असती.) त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. आधी स्टुलावर बसवलं आणि प्रश्न विचारायला लागले. पिकअप एकदम गेला की हळूहळू? सकाळी थंड असताना बरी ओढते का? सपाटीवर ८०ला जाते का? एसी लावल्यावर फरक किती? इंजिन ओरडतं आणि गाडी जात नाही, की इंजिनच ओरडत नाही? हा शेवटचा प्रश्न मला फारच आवडला. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग चढत नाही, तर संशय क्लचवर. आवाजच चढत नसेल तर इंजिनाला श्वास, इंधन किंवा ठिणगी यांतलं काहीतरी कमी पडतंय. एका प्रश्नात निम्मा अभ्यासक्रम संपला!

मग त्यांनी स्वतः गाडी काढली, मी शेजारी. सपाट रस्त्यावर ४०च्या वेगाने जाताना न्यूट्रल केली आणि सोडून दिली. गाडी छान घरंगळत राहिली. थांबल्यावर खाली उतरून चारही चाकांजवळ हात धरला, एखादं जास्त तापलंय का बघायला. नव्हतं. म्हणजे ब्रेक कुठे धरून बसलेला नाही. खर्च, शून्य रुपये.

परत आल्यावर मला सीटवर बसवून, इंजिन बंद ठेवून, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला लावला आणि स्वतः बॉनेटखाली डोकावले. म्हणाले, "सर, तुम्ही पूर्ण दाबलाय, पण इथे पाऊणच उघडतंय." केबल सैल झाली होती आणि वर हिने पावसाळ्याचा म्हणून मॅटवर दुसरी मॅट घातली होती! मॅट काढली, केबल ओढून घेतली. थोडा फरक पडला. मी खूश होऊन पाकीट काढायला लागलो तर म्हणाले, "थांबा. एवढ्याने गाडी इतकी बसत नाही."

मग त्यांनी एक घड्याळासारखा गेज आणला आणि त्याची नळी इंजिनाच्या हवेच्या वाटेला जोडली. व्हॅक्यूम गेज. इंजिन नुसतं चालू असताना काटा जागेवर होता. रेस वाढवून तशीच धरून ठेवली, तर काटा सावरून स्थिर राहायच्या ऐवजी हळूहळू खाली घसरायला लागला. मला त्यांनी समजावलं ते असं, की इंजिन आत ओढू शकतंय, पण बाहेर सोडू शकत नाहीये. धूर जायची वाट कुठेतरी तुंबलीय. खात्री करायला त्यांनी सायलेन्सरच्या बाजूचा पुढचा सांधा ढिला केला आणि गाडी गल्लीत एक चक्कर मारून आणली. आवाज असा की आजूबाजूची कुत्री पळाली, पण गाडी! २००८ सालची माझी गाडी होती ती.

दोष होता कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. धुरातले विषारी वायू कमी करणारा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार भाग असतो, तो. इंजिन मिसिंग करत राहिलं की न जळलेलं पेट्रोल तिथवर पोचतं, तिथे जळतं, आणि त्या उष्णतेने पोळं वितळून बुजतं. आणि मिसिंग किती दिवस होतं? खरं सांगायचं तर सात-आठ महिने. "जुनी गाडी आहे, थोडं करणारच," असं म्हणणारा पहिला माणूस मीच होतो. पहिल्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले ते बरोबरच केलं होतं, मूळ दुखणं तेच होतं. पंप मात्र फुकट गेला. त्याचा राग आहेच, पण त्याहून राग याचा आहे की मापायचं सोडून त्याने वयावर बोट ठेवलं.

आता हा राग इतका का, ते सांगतो. २०१९ साली हिला थकवा यायला लागला. जिना चढताना थांबायची, दुपारी स्वयंपाक झाला की आडवी व्हायची. आम्ही सगळे म्हणालो, पासष्टी उलटली, वय झालं. ओळखीच्या डॉक्टरांनीही टॉनिक लिहून दिलं आणि तेच म्हटलं. तिलाही ते पटलं, हे सगळ्यांत वाईट. वर्षभराने दुसऱ्या एका कामासाठी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ७.४. गुडघेदुखीसाठी रोज घेत असलेल्या वेदनाशामक गोळ्यांनी पोटात आतल्या आत रक्तस्राव होत होता. गोळ्या बंद झाल्या, उपचार झाले, आणि चार-पाच महिन्यांत बाई पुन्हा ढोल्या गणपतीला पायी जायला लागली. तिचं एक वर्ष आम्ही फुकट घालवलं. साधी रक्ततपासणी होती हो ती.

वय झालं हे निदान नव्हेच. वय ही पार्श्वभूमी आहे. मीही प्रगतिपुस्तकांवर "आकलन मंद" असे शेरे मारलेत, आणि का मंद, हे किती वेळा शोधलं ते विचारू नका.

मिस्त्रींनी एक सोपी वाटही सांगितली, "पोळं फोडून आतून मोकळं करून देतो, ५०० रुपयांत काम." बरेच लोक करतात म्हणे. मी नाही म्हटलं. आपल्या मागच्या स्कूटरवाल्याने आपला धूर खायचा आणि आपण घाट चढायचा, हे काही बरोबर नाही. नवीन भाग १४,००० रुपयांना बसला. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियमसारखे धातू असतात, म्हणून महाग. तपासणीचे त्यांनी ३०० रुपये घेतले. मी जास्त देऊ केले तर म्हणाले, "बघायचे एवढेच होतात."

मुलीला फोन करून विजयी मुद्रेने सगळं ऐकवलं. ती शांतपणे म्हणाली, "छान. गाडी तपासून झाली. आता तुम्ही?"

मी म्हटलं, लायसन्सचं नूतनीकरण झालंय, नमुना १-अ वर डॉक्टरांची सही आहे. आणि बोलता बोलताच मला ती सही आठवली. डॉक्टरांनी मान वर करून पाहिलं होतं, "वयाच्या मानाने ठणठणीत आहात सर!" म्हणाले होते आणि शिक्का मारला होता. एक अक्षर वाचायला लावलं नव्हतं. मीही खुशीत बाहेर आलो होतो. ट्रकच्या मागून बाहेर काढताना रस्ता रिकामा होता असं मी वर लिहिलंय. तो रिकामा होता, की मला रिकामा दिसला?

पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला नेत्रतपासणी केली. बाहुली मोठी करून, तास-दीड तास बसवून, व्यवस्थित. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू, चांगलाच पिकलेला. शस्त्रक्रिया ठरली आणि डॉक्टरांनी तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं बजावलं.

मधले ते सहा आठवडे गाडी अंगणात उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून शेजारचा मुलगा रविवारी एक चक्कर मारून आणायचा. परत आला की किल्ली हातात देताना दर वेळी म्हणायचा, "आजोबा, काय पिकअप आहे हो!"