गार झोत आला की मंडप सोडा

उज्जैनच्या माधव नगरात आमच्यासारखी बरीच मराठी घरं आहेत. सिंहस्थ आला की या घरांत पाहुण्यांची रीघ लागते. जळगाव, धुळे, पुणे, नागपूर, सगळीकडून माणसं येतात. इथला पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे. त्याला निघणाऱ्या सगळ्यांना, आणि ज्यांच्या घरी हे पाहुणे उतरतील त्यांनाही, आजच एक गोष्ट सांगायची आहे. ती हवेबद्दल आहे.

गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत असताना उज्जैनचा सिंहस्थ भरतो. सूर्य मेषेत म्हणजे एप्रिल-मे, माळव्यातला ऐन उन्हाळा. दुपारी पारा सहज ४० अंशांपुढे जातो. तापली की हवा पसरते, विरळ होते आणि हलकी होते. हवेलाही वजन असतं हे आपण विसरतो, म्हणून हिशेब सांगतो. समुद्रसपाटीवर शून्य अंशाला एक घनमीटर हवा सुमारे १.२९ किलो भरते, तर ४० अंशांना सुमारे १.१३ किलो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीतल्या हवेत हा फरक साडेचार किलोंच्या आसपास जातो. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथली हवा आधीच थोडी विरळ असते.

क्षिप्रेकाठी सवाई जयसिंगांनी उभारलेली वेधशाळा आहे. माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये तिचा जीर्णोद्धार केला. आजही तिथे रोजचं तापमान नोंदवलं जातं. मे महिन्यात तिथला आकडा चढत गेला की आम्हाला संध्याकाळची काळजी लागते. जमिनीलगतची हलकी हवा वर उसळते, तिथे दाब कमी होतो आणि आजूबाजूची हवा आत ओढली जाते. त्या हवेत पुरेसा ओलावा असला तर दुपारनंतर काळ्या बुडाचे उंच ढग उभे राहतात. हाच आपला वळीव.

वळवात खरा घात करतो तो खाली येणारा वारा. ढगातून सुटलेले थेंब खालच्या कोरड्या हवेत वाटेतच वाळू लागतात आणि त्या हवेतली उष्णता शोषून घेतात. अंगणात पाणी शिंपडल्यावर गारवा येतो ना, तसंच. गार झालेली हवा भोवतालच्या हवेपेक्षा जड होते, दाणकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे धावते. ती पावसाच्या आधी येते. त्या क्षणी वायुभारमापकाचा पारा एकदम वर चढतो आणि थर्मामीटरचा घसरतो. दिवसभर भाजलेल्या माणसाला तो गार झोत इतका सुखाचा वाटतो की तो तिथेच थांबतो. थांबू नका. तो झोत म्हणजे वादळाचं तोंड असतं.

५ मे २०१६ रोजी सिंहस्थात हेच झालं. वादळ आणि पावसात मंडप कोसळले, किमान सात जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, आणि मंडपाचं कापड शिडासारखं फुगतं. बांबू किंवा पाइप हाताने धरून तो थोपवता येत नाही.

म्हणून विनंती आहे. उकाडा असह्य झाला, ढगांचं बूड काळं झालं, धुळीची भिंत दिसली किंवा वारा अचानक गार लागला, की मंडप सोडून पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली, पत्र्याखाली, मोठ्या फलकाखाली उभं राहू नका. विजाही त्याच वेळी पडतात. मुक्कामी पोहोचताच सर्वांत जवळची पक्की इमारत कोणती ते बघून ठेवा आणि आजी-आजोबांना ती आधी दाखवा. मंडप उभारणाऱ्या मंडळींनी खुंट्या खोल ठोकाव्यात, आणि ढग दिसताच माणसं बाहेर काढावीत.

तापून पसरणारी हवा टायरमध्येही असते, म्हणून गाडीने येणार असाल तर टायरमधली हवा पहाटे, गाडी थंड असताना तपासा. दर पाच-सहा अंशांमागे टायरचा दाब साधारण एक पीएसआय वाढतो. वाटेत बिजासन घाट चढून आल्यावर आकडा जास्त दिसला म्हणून हवा सोडू नका. टायर थंड झाला की तीच हवा कमी पडते.

२०२८ ला निघण्याआधी घरातल्या सगळ्यांना बसवून गार झोताची ही खूण एकदा नीट समजावून सांगा, आणि मंडपात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगा.