वाऱ्यावर सोडलेला आजार

‘अंगावरून वारं गेलं’ हा मराठीतला फार जुना वाक्प्रचार आहे. चालताबोलता माणूस एकाएकी कोसळतो, त्याचे अर्धे अंग लुळे पडते, तोंड वाकडे होते, वाचा जाते. आणि हे का घडले याचा उलगडा होत नाही तेव्हा समाज त्याचे खापर अदृश्य वाऱ्यावर फोडतो. शरीरशास्त्राचे ज्ञान सामान्य माणसापर्यंत पोहोचलेच नव्हते त्या काळी ही समजूत स्वाभाविक होती. आज पक्षाघाताची कारणे ज्ञात आहेत, त्यावर उपचार आहेत, आणि बऱ्याच अंशी तो टाळताही येतो. तरीही असंख्य घरांत तो अजून ‘वारं’च राहिला आहे. हा दोष केवळ अज्ञानाचा नाही. ज्ञान आणि औषध ही दोन्ही मोठ्या शहरांतल्या मोठ्या इस्पितळांत कोंडून ठेवणाऱ्या व्यवस्थेचाही तो दोष आहे.

पक्षाघात हा हातापायांचा आजार नव्हे, तो मेंदूचा आजार आहे, ही गोष्ट प्रथम स्पष्ट व्हायला हवी. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो. त्यामुळे रक्ताचा पुरवठा काही मिनिटे जरी तुटला तरी त्याच्या पेशी मरू लागतात. हा पुरवठा दोन प्रकारे तुटतो. बहुसंख्य रोग्यांत रक्तवाहिनीत गुठळी अडकते. उरलेल्यांत रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात असा अंदाज आहे. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ या सहज उच्चारलेल्या वाक्याची किंमत या हिशेबाने मोजली पाहिजे.

हा आजार ओळखण्यासाठी डॉक्टरच हवा असे नाही. रोग्याला हसायला सांगावे. तोंडाची एक बाजू ओघळते काय ते पाहावे. दोन्ही हात समोर उचलून धरायला सांगावे. एक हात खाली घसरतो काय ते पाहावे. एखादे साधे वाक्य म्हणायला सांगावे. शब्द अडखळतात किंवा असंबद्ध येतात काय ते ऐकावे. यांपैकी एक जरी लक्षण अचानक दिसले तरी तो पक्षाघात समजून तत्काळ हालचाल करावी. एकाएकी दृष्टी जाणे, तोल जाणे, पूर्वी कधीच झाली नाही अशी भयंकर डोकेदुखी होणे, हीदेखील लक्षणेच होत. ती थोड्या वेळात आपोआप नाहीशी झाली तरी निश्चिंत राहणे घातक ठरते, कारण असा क्षणिक झटका पुष्कळदा मोठ्या झटक्याची पूर्वसूचना असतो.

मग काय करावे, आणि काय करू नये? रोगी शेवटचा धडधाकट कधी दिसला ती वेळ नोंदवावी. पुढचा सारा उपचार त्या वेळेवर अवलंबून असतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, ती यायला फार वेळ लागणार असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे, आणि सीटी स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. तोंडातून पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत जाते. रक्त पातळ करणारी ॲस्पिरिनसुद्धा स्वतःच्या मनाने देऊ नये. आजार रक्तस्रावाचा असेल तर तीच जीव घेईल. रोगी बेशुद्ध असेल वा त्याला उलटी होत असेल तर त्याला कुशीवर वळवावे. मालीश करण्यात, अंगारे-धुपारे करण्यात, कबुतराचे रक्त चोळण्यात गेलेला प्रत्येक तास हा मेंदूच्या खात्यातून वजा झालेला तास असतो.

वेळेचा हा आग्रह उगाच नाही. गुठळी विरघळवणारे औषध तीन तासांच्या आत दिले तर रोगी पुन्हा स्वावलंबी होण्याची शक्यता वाढते, हे १९९५ साली सिद्ध झाले. २००८ साली ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. जांघेतून नळी घालून मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी ओढून काढण्याच्या पद्धतीची उपयुक्तता २०१५ साली प्रस्थापित झाली, आणि निवडक रोग्यांना ती २४ तासांपर्यंत लाभदायक ठरते. अशी प्रगती एखाद्या देशाच्या अभिमानाचा विषय व्हावी. पण ती ज्याच्या वाट्याला येत नाही त्याच्या दृष्टीने तिला अर्थ काय?

गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने २०११ ते २०१३ या काळात खेड्यांतील मृत्यूंचा अभ्यास केला. दर सात मृत्यूंमागे सुमारे एक पक्षाघाताने झाल्याचे त्यात आढळले. मृत्यूच्या कारणांत हेच कारण पहिले होते. पक्षाघाताने गेलेल्या दर दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी घरातच प्राण सोडले. म्हणजे ज्याला पांढरपेशा समाज श्रीमंतांचा, बैठ्या माणसांचा विकार समजत आला, तो राज्यातल्या अत्यंत गरीब, राबणाऱ्या माणसांचा पहिल्या क्रमांकाचा वैरी ठरला. गुठळी विरघळवणारे टेनेक्टेप्लेज हे औषध पुण्यातल्या कारखान्यात तयार होते. ते गडचिरोलीच्या खेड्यातल्या रोग्यापर्यंत साडेचार तासांत पोहोचत नसेल, तर अडचण विज्ञानाची नाही, वाटपाची आहे.

मेंदुविकारतज्ज्ञ मूठभर, खेडी हजारो. मग शासन काय करणार, असे उत्तर यावर मिळते. हे उत्तर पुरेसे नाही. हिमाचल प्रदेशासारख्या डोंगराळ राज्याने २०१४ च्या सुमारास एक मार्ग दाखवून दिला. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरने स्कॅनची चित्रे मोबाइलवरून तज्ज्ञाला पाठवायची, तज्ज्ञाने सल्ला द्यायचा, आणि गुठळी विरघळवणारे औषध सरकारने फुकट पुरवायचे. तज्ज्ञ गावोगावी नेता येत नसला तरी त्याचे ज्ञान नेता येते, एवढे त्यातून निश्चित दिसले. त्याचप्रमाणे पक्षाघाताच्या रोग्यांसाठी स्वतंत्र कक्ष आणि प्रशिक्षित परिचारिका एवढ्यानेही मृत्यू व अपंगत्व कमी होते. त्यासाठी परदेशी यंत्रांची वाट पाहावी लागत नाही.

परंतु उपचारापेक्षा प्रतिबंध श्रेष्ठ, आणि इथेच उपेक्षा सर्वांत अक्षम्य आहे. पक्षाघाताचे सर्वांत मोठे कारण वाढलेला रक्तदाब हे होय. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. त्यांच्या डॉक्टरांना तो ठाऊक होता, पण तो आटोक्यात आणणारे चांगले औषध त्या काळी अस्तित्वातच नव्हते. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचा अंत झाला. जगातल्या सर्वांत सामर्थ्यशाली माणसाला जी गोळी मिळू शकली नाही, ती आज अगदी अल्प किमतीत तयार होते. तरीही ऊसतोड कामगाराला ती नियमितपणे मिळत नाही. रूझवेल्ट गेले ते विज्ञान अपुरे होते म्हणून; हा कामगार जातो तो समाज अपुरा आहे म्हणून.

रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक वारंवार आढळला तर तो वाढलेला समजतात. तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. म्हणून मोजल्यावाचून कळत नाही. बरे वाटते म्हणून गोळी सोडणे ही नेहमीची चूक. पण आरोग्य केंद्रात गोळ्याच संपलेल्या असणे हा गुन्हा मानला पाहिजे. २०१७ साली महाराष्ट्रासह पाच राज्यांत रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू झाला. उपचाराची साधी ठरावीक पद्धत, औषधांचा अखंड साठा आणि गैरहजर रोग्याचा पाठपुरावा या त्रिसूत्रीने रक्तदाब सरकारी दवाखान्यातही आटोक्यात येतो, हे त्यातून दिसून आले. केंद्राने २०१० साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या नावात कर्करोग, मधुमेह यांच्या जोडीला पक्षाघाताचाही स्पष्ट उल्लेख होता. २०२३ मध्ये तो असंसर्गजन्य रोगांच्या व्यापक नावात विलीन झाला. नावाबद्दल तक्रार नाही. नावाबरोबर लक्षही विलीन होऊ नये, एवढेच.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, तंबाखू, विडी व मिश्री सोडा, मधुमेह सांभाळा, हा सल्ला योग्यच आहे. मात्र ज्याच्या भाकरीबरोबर मीठ-मिरचीखेरीज काही नाही, जिला भूक मारण्यासाठी मिश्रीचा आधार घ्यावा लागतो, त्यांना नुसता उपदेश करून भागणार नाही. सवयी परिस्थितीतून घडतात. मजुरी, आहार, चुलीचा धूर आणि विश्रांतीचा अभाव हे प्रश्नही आरोग्याचेच आहेत.

शिवाय जे वाचतात त्यांचे काय? महिनोन्महिने व्यायामोपचार मिळाला तर गेलेली शक्ती बरीचशी परत येऊ शकते. पण तालुक्याच्या गावी तो देणारा कोण? घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची शुश्रूषा बहुधा सुनेच्या, पत्नीच्या वा शाळा सोडलेल्या मुलीच्या अंगावर पडते. तिची बुडालेली मजुरी आणि बुडालेले शिक्षण कोणत्याही अहवालात नोंदले जात नाही.

पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व भोर समितीने १९४६ सालीच मांडले होते. त्याची अंमलबजावणी मागण्यासाठी नव्या तत्त्वज्ञानाची गरज नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात रात्रंदिवस चालणारा सीटी स्कॅन, गुठळी विरघळवणारे औषध मोफत, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्यांचा वर्षभर साठा आणि तालुक्याला एक व्यायामोपचारक, एवढ्या मागण्या माफक आहेत. कार्यकर्त्यांना मात्र शासनाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. युनियनच्या कचेरीत, ग्रामसभेत, बचतगटाच्या बैठकीत रक्तदाब मोजण्याचे साधे यंत्र ठेवता येते. तोंड, हात आणि वाचा ही तीन लक्षणे पाच मिनिटांत शिकवता येतात. केंद्रातला औषधसाठा दरमहा तपासून जाब विचारता येतो. वारे कोणाच्या हाती नसते. पक्षाघात बऱ्याच अंशी माणसाच्या हाती आहे, हे जितक्या लवकर घरोघर पोहोचेल तितकी माणसे आपल्या पायांवर उभी राहतील.