मंगल कुणी घडवला?

सबमिशनच्या आदल्या रात्री वर्डमध्ये मराठी टाइप करताना समोर उमटतो तो फॉन्ट आठवतोय? मंगल. लग्नपत्रिकेवर दिसला की आपण नाकं मुरडतो. (मीही मुरडलंय.) पण तो घडवणारे र. कृ. जोशी माहितीयत? नसतील तर डिझाइनच्या अॅडमिशनचा फॉर्म भरण्याआधी जरा थांबा.

जोशी (१९३६–२००८) जेजेमध्ये कमर्शियल आर्ट शिकले, उल्का या जाहिरात कंपनीत रमले, पवईच्या आयआयटीतल्या आयडीसीत शिकवलं. कविताही केल्या, अशा की अक्षरांची मांडणी हाच कवितेचा अर्थ. पुढे एनसीएसटीत कॉम्प्युटरवाल्यांसोबत बसले. मंगल, तमिळचा लता, तेलुगूचा गौतमी, कन्नडचा तुंगा हे सगळे त्यांच्या देखरेखीखाली झाले. जोडाक्षर कसं जुळतं, वेलांटी कुठे बसते हे बोरू धरणाऱ्या हाताला कळतं. मशीनला तेच नियम करून सांगावं लागतं. आणि मंगल होता त्या काळच्या धूसर स्क्रीनवर बारीक अक्षर वाचता यावं म्हणून. पत्रिकेवर तो लावला आपण!

भिवंडीतली पोरं मला विचारतात, ‘यूएक्स करू, ग्राफिक करू की टेक्स्टाइल?’ मला हा प्रश्नच पटत नाही. आपल्याकडे गल्लोगल्ली लूम खडखडतात, पण बराचसा माल ‘ग्रे’ म्हणजे कोरा कपडा म्हणून बाहेर जातो. रंग, प्रिंट, ब्रँड आणि त्यावरचा नफा दुसऱ्यांचा. फक्त सॉफ्टवेअर येणारा डिझायनर हे बदलू शकत नाही. त्याला सुताचा काउंट कळायला हवा, व्यापाऱ्याची भाषा कळायला हवी आणि बारा तास उभं राहणाऱ्याचे पायसुद्धा.

‘सगळं थोडंथोडं केलं की धड काहीच येत नाही,’ असं घरचे म्हणतील. खरंय, तसं होतंही. पण जोशींनी दहा ठिकाणी काम केलं तरी धरून ठेवलं एकच, अक्षर. तुमचं ते काय, हे ब्रोशर वाचून कळणार नाही. म्हणून फीचा पहिला हप्ता भरण्याआधी ओळखीच्या कुणाच्या तरी कारखान्यात एक पाळी उभे राहा. धागा तुटला की जॉबर आधी कुठे बघतो, ते बघा. कानात कापूस घालून जा, बाकी काही न्यायची गरज नाही.