हुरड्याचा पाहुणा आणि भाकरीचे मोल

वेरूळ-अजिंठा पाहून नांदेडच्या वाटेस लागलेला प्रवासी जालना, मंठा ही गावे मागे टाकून देवगाव फाट्यावर येतो, चहा घेतो आणि पुढे निघून जातो. रस्त्याच्या कडेस काळ्या रानात ज्वारी उभी असते. तिची व त्याची ओळख होत नाही. परंतु देवळे व लेणी पाहून ज्याचे समाधान होत नाही, असा एक प्रवासीवर्ग आता देशोदेशी तयार झाला आहे. परक्या मुलुखातील माणूस काय रांधतो, काय शिवतो, हे त्याच्या चुलीपाशी बसून शिकावे व त्याचे दाम मोजावे, अशी त्याची इच्छा असते. ह्या पाहुण्यास शेतावर बोलवावे काय? आमच्या मते अवश्य बोलवावे. मात्र एका अटीवर.

आपणांपाशी दाखविण्याजोगे काय आहे, असे कित्येक विचारतात. पौषात चिकात आलेले कणीस गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळलेला हुरडा आहे. सीरिया-पॅलेस्टाइनकडील शेतकरी हिरवा गहू असाच जाळावर भाजून चोळतात. त्याच्या ‘फ्रीके’ ह्या नावाचा अर्थच मुळी ‘चोळलेला’ असा आहे. ज्वारी तर मूळची आफ्रिकेची. सुदानात तिच्या आंबविलेल्या पिठाची ‘किसरा’ नावाची पातळ पोळी करतात. तिकडचा पाहुणा आला, तर शिकविणारा कोण आणि शिकणारा कोण, हे ठरविणे कठीणच! शेजारच्या जालना जिल्ह्यातील दगडी ज्वारीस २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि आपण मात्र सोयाबीनपुढे ज्वारीचे क्षेत्र आखडीत चाललो आहो.

हस्तकलेचेही तसेच. पैठणीचा माग एका दिवसात कोणास साधणार नाही. तो नुसता पाहावयाचा. परंतु वाकळीचा धावदोरा दुपारभरात हाती बसतो. जपानातील शेतकरी स्त्रिया जुन्या वस्त्रांचे थर ‘साशिको’ टाक्याने शिवीत असत. तो व आपला टाका ही सख्खी भावंडेच होत.

आता अट. भाकरी थापावयास शिकविते घरधनीण, वाकळ शिकविते शेजारची म्हातारी, आणि पैसा जातो धन्याच्या खिशात, असे होता कामा नये. तिची मजुरी निराळी ठरवावी आणि तिच्याच हाती द्यावी. घरच्या बाईस कसली मजुरी, असे म्हणणाऱ्याने एवढेच पाहावे की, पाहुणा आपली जमीन मोजावयास आलेला नसून तिच्या हातचे कसब शिकावयास आलेला आहे. तिचे मोल बुडाले, तर हे कसब तिची लेक तरी कशाला शिकेल?

अतिथीकडून पैसा घेणे कित्येकांस रुचत नाही. वेळ अमावास्येस वाटसरूसही हाक मारून शेतात जेवावयास बसविणारा हा प्रदेश आहे, तेव्हा हा संकोच आम्हांस समजतो. तो दिवस तसाच राहू द्यावा. परंतु दिवसभर शिकवणी घेणाऱ्याने शुल्क देणे, ह्यात आतिथ्याची विक्री होत नाही.

उलट, पाहुण्यांच्या लोभाने बैल विकून खोल्या बांधणाऱ्यांविषयी आम्हांस अधिक धास्ती वाटते. इटलीने १९८५ सालीच ह्याविषयी कायदा केला आणि पाहुणचार हा शेतीस पूरक असावा, मुख्य व्यवसाय शेतीच राहावा, असे त्यात घातले. महाराष्ट्र सरकारचे कृषी पर्यटन धोरण २०२० सालचे आहे. त्याअन्वये केंद्राची नोंद पर्यटन संचालनालयाकडे करता येते.

आरंभी खोल्या नकोतच. फाट्याजवळच्या चार-पाच खातेदारांनी मिळून पौषातील दोन-तीन रविवार ठरवावेत. हुरड्याकरिता गुळभेंडी, अथवा राहुरीच्या विद्यापीठाचे ‘फुले उत्तरा’ किंवा ‘फुले मधुर’ वाण, थोड्या क्षेत्रात निराळे पेरावे. सर्वांनी एकाच दिवशी पेरू नये. आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरल्यास कोवळी कणसे पुढेही मिळत राहतात, आणि उरलेल्या ज्वारीचा कडबा गुरांस होतोच.