हार्ड डिस्क रुसते तेव्हा

मैत्रिणींनो, मागच्या महिन्यात आमच्याकडे मोठीच धावपळ झाली. घरचा कॉम्प्युटर अगदी रडत-रखडत चालायचा, म्हणून ह्यांनी एम-टू एसएसडी आणली. जेमतेम ८ सेंटिमीटरची चपटी पट्टी! दुकानातल्या मुलाने घरी येऊन ती बसवली, विंडोज टाकलं, चहा घेतला आणि गेला.

संध्याकाळी पाहते तर जुनी हार्ड डिस्क गायब! माझ्या प्रश्नपत्रिका गेल्या तर गेल्या, पण मामंजींच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यातच होते, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या उठून आत गेल्या.

दुकानात फोन केला तर म्हणे, "ताई, डिस्क गेली. डेटा काढायला सात-आठ हजार पडतील." मला काही पटेना. सकाळपर्यंत धडधाकट असलेली डिस्क नेमकी पट्टी बसवल्यावरच कशी जाईल?

म्हटलं, आधी ती पट्टी काढून तर बघू. कॉम्प्युटर बंद करून प्लग काढला आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. मग कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. अंगावरच्या स्थिर विजेने आतले नाजूक भाग बिघडू शकतात, बरं का! (सिंथेटिक साडी त्या दिवशी नकोच.) एक स्क्रू काढून पट्टी बाहेर घेतली, कॉम्प्युटर सुरू करताना डिलीटचं बटण दाबत राहिले. बायॉसचा पडदा आला आणि त्यात आमची हार्ड डिस्क ठसठशीत दिसली! काही कॉम्प्युटरांना इथे एफ-२ दाबावं लागतं.

मग माळ्यावरून मदरबोर्डचं खोकं काढलं. आतल्या पुस्तिकेत बारीक अक्षरांत लिहिलं होतं, एम-टूच्या जागी पट्टी बसवली की साटाचे ५ आणि ६ नंबरचे पोर्ट बंद होतात. आणि आमच्या डिस्कची वायर होती ५ नंबरला! वाड्यात सामायिक नळ असला, की एकीची बादली लागल्यावर दुसरीला थांबावं लागतं ना, तसंच हे. सगळ्याच बोर्डांवर असं नसतं. म्हणून ती पुस्तिका रद्दीत घालू नका.

पट्टी परत बसवली, वायर २ नंबरला लावली. डिस्क हजर! खर्च शून्य.

पूर्वी अशी भांडणं फार. साउंड कार्ड आणि मोडेम एकाच नंबरावर हक्क सांगायचे, आणि असे नंबर होते अवघे १६. १९९५ साली विंडोज ९५ आल्यावर ती वाटणी बरीचशी आपोआप होऊ लागली.

एक मात्र कटाक्षाने पाळा. हरवलेली डिस्क दिसू लागल्यावर पडद्यावर 'फॉरमॅट' किंवा 'इनिशियलाइझ' करू का असं विचारलं, तर चुकूनही हो म्हणू नका. आणि डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर घरी खटपट न करता कॉम्प्युटर बंद करून जाणकाराकडेच न्या.

फोटो मी त्याच रात्री पेनड्राइव्हवर घेतले. मामंजी आकाशकंदील लावताहेत तो फोटो सासूबाईंनी मोठा करून मागितला. आता तो त्यांच्या पलंगासमोर आहे.