सव्वा लाखाची मूठ

थोर पुरुषाचें कार्य तेवढें पाहावें, खासगी वर्तन पाहूं नये, असें आपल्या सुशिक्षित घरांतून वारंवार ऐकूं येतें. उलट पक्षीं नीतीचे कैवारी म्हणतात कीं, शील ढळलेल्यास सार्वजनिक जीवनांत थाराच नसावा. आमच्या मतें दोन्ही पक्ष मुख्य प्रश्न चुकवितात.

आयरिश पुढारी पार्नेल याचे एका विवाहित स्त्रीशीं असलेले संबंध १८९० च्या नोव्हेंबरांत घटस्फोटाच्या खटल्यानें चव्हाट्यावर आले. महिन्याभरांत त्याचा पक्ष दुभंगला. पुढल्या वर्षीं तो वारला. लॉइड जॉर्ज यानें पत्नी हयात असतां १९१३ पासून आपली चिटणीस फ्रान्सेस स्टीव्हन्सन हिच्याशीं संबंध ठेवले. तरी १९१६ ते १९२२ तो ब्रिटनचा मुख्य प्रधान होता. वर्तन सारखेंच, पण एकाचें कोर्टांत गेलें, दुसऱ्याचें गेलें नाहीं. जगानें दंड केला तो बोभाट्यास!

परंतु झांकली मूठ फुकट झांकलेली राहत नाहीं. लॉइड जॉर्जचा तोल सांभाळला दोन स्त्रियांनीं: पत्नीनें मौनानें, आणि फ्रान्सेसनें तीस वर्षें जगापुढें केवळ चिटणीस म्हणवून घेऊन. पत्नी १९४१ सालीं वारल्यावर १९४३ सालीं तिचें लग्न लागलें, तेव्हां ती पंचावन्न वर्षांची होती.

म्हणून पुढाऱ्याच्या शय्यागृहांत डोकावण्याचा अधिकार आम्ही कोणासच देत नाहीं. मात्र हा तोल आपण कोणाच्या खांद्यावर सांभाळलांत, हें त्यास विचारण्याचा अधिकार सोडण्यासही आम्ही तयार नाहीं.