विश्लेषण : रुग्णवाहिकेपुढे पोलिसांची गाडी धावली की रुग्ण लवकर पोहोचतो?

प्रत्यारोपणासाठी हृदय घेऊन निघालेल्या रुग्णवाहिकेला पोलीस रस्ता मोकळा करून देतात आणि किती मिनिटांत किती किलोमीटर अंतर कापले याची दुसऱ्या दिवशी बातमी होते. त्याच रस्त्यावर छातीत कळ आलेल्या रुग्णाला घेऊन ‘१०८’ची गाडी चौकात अडकून पडते, तिची बातमी सहसा होत नाही. त्यातून एक मागणी वारंवार पुढे येते : गंभीर रुग्णाच्या प्रत्येक रुग्णवाहिकेपुढे पोलिसांची पायलट गाडी द्या. मागणीमागची तळमळ खरी आहे. उपाय मात्र चुकीचा आहे.

ग्रीन कॉरिडॉरमध्ये नेमके काय घडते?

सप्टेंबर २००८ मध्ये चेन्नईत मेंदूमृत झालेल्या एका किशोरवयीन मुलाचे हृदय पोलिसांनी भर गर्दीतून अवघ्या ११ मिनिटांत शहराच्या दुसऱ्या भागातील रुग्णालयात पोहोचवले. देशभर ग्रीन कॉरिडॉरची चर्चा सुरू झाली ती तेव्हापासून. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातून विमानाने आणलेले हृदय मुलुंडच्या रुग्णालयात पोहोचले, तेव्हाही दोन्ही शहरांच्या पोलिसांनी रस्ते मोकळे केले होते. शरीराबाहेर काढलेले हृदय साधारण चार तासच टिकते, त्यामुळे ही घाई समजण्यासारखी आहे.

छायाचित्रात दिसते ती पुढे धावणारी पोलिसांची गाडी. खरे काम होते ते चौकाचौकांत. मार्ग आधी ठरतो, अवयव वितरण समन्वय समितीकडून वाहतूक पोलिसांना वेळ कळते, प्रत्येक चौकात बिनतारी संदेशयंत्रणा असलेला कर्मचारी उभा राहतो आणि गाडी मागच्या चौकातून निघाली की पुढच्या चौकातली आडवी वाहतूक थांबवली जाते. सगळा रस्ता बंद करावा लागत नाही. एकेक चौक दोन-तीन मिनिटांपुरता रोखला तरी पुरते. हे जमते, कारण शस्त्रक्रिया केव्हा संपणार याचा अंदाज काही तास आधी असतो. अपघात किंवा हृदयविकाराचा झटका अशी पूर्वसूचना देत नाही.

मग पायलट गाडी द्यायला हरकत काय?

एकामागून एक दोन गाड्या सायरन वाजवत लाल सिग्नलवर आल्या, तर आडव्या रस्त्यावरचा वाहनचालक पहिली गाडी पाहून थांबतो. ती गेली की मोकळा झालो असे समजून तो पुढे सरकतो. दोन्ही सायरन एकमेकांत मिसळल्याने मागे आणखी एक गाडी आहे हे त्याला कळलेले नसते. धडक होते ती या दुसऱ्या गाडीला आणि रुग्ण असतो नेमका त्याच गाडीत. अमेरिकेत रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणात म्हणूनच शिकवतात, की रस्ताच माहीत नसेल तरच पोलिसांच्या गाडीमागून जावे, एरवी नाही.

आपल्याकडे याला आणखी एक शेपूट जोडलेले असते. रुग्णवाहिका निघाली, की मोकळ्या झालेल्या वाटेत तिच्यामागे पाच-सहा दुचाकी घुसतात. पुण्यात राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने ‘१९४ ई’ हे कलम आले. रुग्णवाहिका किंवा अग्निशमन दलाची गाडी येत असताना बाजूला न होणाऱ्या चालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. रुग्णवाहिकेच्या चालकासाठी २०१७ची वाहनचालन नियमावली आहे. तातडीच्या कामावर असताना तो पुरेशी खबरदारी घेऊन लाल सिग्नल किंवा वेगमर्यादा ओलांडू शकतो. ‘खबरदारी घेऊन’ हे शब्द येथे महत्त्वाचे. सायरन म्हणजे सरसकट परवाना नव्हे. रिकामी गाडी परत नेताना तो वाजवणे तर नियमात बसतच नाही. तरीही तो वाजतो, लोकांचा विश्वास उडतो आणि ‘आत कोणी नसेलच’ असे म्हणत पुढची मोटार जागची हलत नाही. त्याची किंमत पुढच्या खऱ्या रुग्णाला मोजावी लागते.

सायरनमुळे वेळ वाचतो किती?

वाटतो त्यापेक्षा बराच कमी. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१७ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. दिवे आणि सायरन लावून वाचलेला वेळ बहुतेक ठिकाणी पाऊण मिनिट ते पावणेचार मिनिटे एवढाच होता. हृदय बंद पडले असेल, श्वासनलिका अडली असेल किंवा रक्तस्राव थांबत नसेल, तर ही मिनिटे जीव वाचवतात. पाय मोडलेल्या रुग्णाला त्यांचा काही उपयोग नाही.

मागच्या भागात काय चालते याचाही विचार व्हायला हवा. रुग्ण निदान पट्ट्यांनी बांधलेला असतो. छाती दाबणारा किंवा सलाईन सांभाळणारा डॉक्टर अनेकदा उभा असतो, त्याला पट्टा नसतो. गतिरोधकावर गाडी उडाली किंवा करकचून ब्रेक लागला, की दाब चुकतो, सुई निसटते. चालकाने संथ, एकसारखी गाडी चालवणे हासुद्धा उपचाराचाच भाग आहे. आपल्याकडे मात्र ‘किती मिनिटांत पोहोचवले’ यावरच त्याला शाबासकी मिळते.

चालकाला हे शिकवते कोण?

पेट्रोलचा टँकर चालवणाऱ्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार धोकादायक मालाच्या वाहतुकीचे स्वतंत्र प्रशिक्षण सक्तीचे आहे. रुग्णवाहिकेसाठी मात्र कायद्यात परवान्याचा वेगळा वर्गच नाही. ब्रिटनमध्ये निळा दिवा लावून गाडी हाकण्याआधी चालकाला काही आठवड्यांचे प्रशिक्षण आणि परीक्षा पार करावी लागते. ‘१०८’ची सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत जीवरक्षक, तर ७०४ मूलभूत जीवरक्षक प्रणालीच्या होत्या. गाडीत डॉक्टर असेल, यावर या सेवेत सुरुवातीपासून भर होता. सुकाणूवर बसणाऱ्याच्या प्रशिक्षणाकडेही तितकेच लक्ष द्यायला हवे. खासगी रुग्णवाहिकांकडे तर त्याहून अधिक.

घोडबंदरच्या कोंडीत पायलट गाडीने काय साधले असते?

जुलै २०२५च्या अखेरीस झाडाची फांदी पडून जखमी झालेल्या पालघर जिल्ह्यातील एका महिलेला रुग्णवाहिकेतून मुंबईला हलवले जात होते. घोडबंदर परिसरातील कोंडीत गाडी अडकली आणि मुंबईतील रुग्णालय गाठण्याआधीच तिचा मृत्यू झाला. सगळ्या मार्गिका भरून वाहने ठप्प उभी असताना पुढे पोलिसांची गाडी असती, तरी तीही तिथेच उभी राहिली असती. जर्मनीत यासाठी नियमच वेगळा आहे. वाहने रेंगाळू लागताच, रुग्णवाहिका दिसण्याची वाट न पाहता, सर्वांत डावीकडच्या मार्गिकेतील वाहनांनी डावीकडे आणि इतर सर्वांनी उजवीकडे सरकून मध्ये वाट ठेवायची असते. ही सवय आपल्याकडे एका अधिसूचनेने लागणार नाही. पण टोलनाके, खाडीपूल आणि घाट अशा नेहमीच्या कोंडीच्या ठिकाणी एक मार्गिका मोकळी राखणे पोलिसांच्या हातात आहे. तिला एवढ्या दूर का न्यावे लागले, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा. गंभीर जखमींसाठी जिल्ह्यातच सुसज्ज केंद्र असते, तर त्या दिवशी घोडबंदर वाटेत आलेच नसते.

शहरांत करण्याजोगे काम फार खर्चिकही नाही. मुंबई-पुण्यातील अनेक चौकांचे सिग्नल आता नियंत्रण कक्षाशी जोडलेले आहेत आणि रुग्णवाहिका कुठे आहे हे जीपीएसवर दिसू शकते. ही दोन माहिती एका पडद्यावर आणून, डॉक्टरने अतिगंभीर ठरवलेल्या रुग्णाच्या गाडीसाठी पुढचे दोन-तीन सिग्नल हिरवे करता येतील. अवयवासाठी चौकात उभा राहणारा कर्मचारी जे करतो, तेच काम हे. त्यासाठी ‘१०८’चा आणि वाहतूक पोलिसांचा कक्ष यांच्यात थेट दुवा लागेल, आणि आरोग्य व गृह या दोन खात्यांना तो एकत्र बसून ठरवावा लागेल.